देव रागावलाय असं वाटतं का?

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. पायघोळ झग्यातला एक पाद्री पुढे झुकलाय, दोन्ही हात पसरलेत आणि त्या हातांसमोर एक बाई कोसळत चाललीय. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. भूत उतरवण्याचा प्रकार चाललाय की काय, असं वाटतं. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा हा पुतळा १९४५ सालचा. पाद्री म्हणजे आबे फारिया. जन्म १७५६, गाव कांदोळी. बाहेरून माणसात काही शिरत नाही, जे घडतं ते त्याच्या स्वतःच्या मनात घडतं, हे पटवण्यात या गोंयकाराची अखेरची वर्षं गेली.

लिस्बनची एक गोष्ट गोव्यात आवडीने सांगतात. तरुण फारिया राणीच्या चॅपेलमध्ये प्रवचनाला उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. वडील, तेही पाद्रीच, जवळ होते. ते कोकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोराची जीभ सुटली. गोष्ट दंतकथा मानली तरी पुढचं नोंदलेलं आहे. १८१३ मध्ये फारियांनी पॅरिसला जाहीर वर्ग सुरू केले. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून झोपेचा विचार करायला लावायचं आणि मग ठाम आवाजात हुकूम द्यायचा: झोपा! मेस्मरच्या अनुयायांच्या मते यामागे एक अदृश्य चुंबकीय द्रव होता. फारिया म्हणाले, द्रव नाही की सिद्धी नाही. समोरच्याचं एकाग्र झालेलं मन आणि त्याचा विश्वास, एवढंच आहे. पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारं नाटक आलं. १८१९ मध्ये पुस्तक छापून झालं आणि त्याच वर्षी ते गेले. सूचनेचं मानसशास्त्र ज्याने पायावर उभं केलं, तो झगा घातलेला पाद्री होता.

मानसशास्त्र आणि ख्रिस्ती विश्वास असा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाकं मांडली जातात: एकावर डॉक्टर, दुसऱ्यावर पाळक, आणि दुखणाईत माणूस मध्ये उभा. त्या उभ्या असलेल्या माणसापासून मला सुरुवात करायची आहे. आमच्या मंडळीतली एक सून बाळंतपणानंतर झोपेनाशी झाली. बाळ रडलं तरी ती भिंतीकडे बघत बसे. उपवास-प्रार्थनेला बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय, गोळ्या बंद कर. घरच्यांनी बंद केल्या. पुढचे तीन आठवडे त्या घराने कसे काढले ते मी पाहिलंय, आणि म्हणून हा आढावा मला तटस्थपणे घेता येणार नाही.

गंमत म्हणजे चर्चच्या अगदी जुन्या परंपरेला ही भाषा परकी होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस नावाच्या साधूने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. त्यातल्या 'अकेडिया'चं त्याने केलेलं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. दुपार झालीय, सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीशी जातो, कोणी येतंय का पाहतो. जागा नकोशी, हातातलं काम नकोसं, आता आपल्यावर कोणाचा जीव नाही असं वाटायला लागतं. आपण मराठीत याला 'मन लागत नाही' म्हणतो आणि त्यापुढे विचारत नाही. इव्हाग्रिअस विचारत होता. आणि त्याने एक फार मोठी गोष्ट सांगितली: हे विचार यावेत की न यावेत, हे आपल्या हाती नाही, त्यांनी मुक्काम करावा की नाही, एवढंच आपल्या हाती आहे. पुढे योहान कासियानने ही यादी पश्चिमेला नेली, सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने तिची सात पापं केली आणि शतकांच्या ओघात अकेडियाचा आळस होऊन बसला. जे निरीक्षण होतं, त्याचा आरोप झाला. माझ्या मते पुढच्या बऱ्याच दुःखाचं मूळ या घसरणीत आहे.

तरी धागा तुटला नाही. इग्नाती लोयोलाने सोळाव्या शतकात नियम घालून दिला की मन उजाड झालेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. नैराश्याच्या रुग्णाला आजचा कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतो: आत्ता राजीनामा देऊ नका, घर विकू नका. इंग्लंडात यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर बाई दगावली. तिच्या पंथाच्या लोकांना तिला भेटूही दिलं नव्हतं. त्यातून विल्यम टूक आणि इतर क्वेकरांनी १७९६ मध्ये 'रिट्रीट' उघडलं. साखळ्या आणि फटक्यांऐवजी तिथे बाग, काम आणि चहाचं टेबल होतं. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे ही त्यांची श्रद्धा, आणि वेड लागलं म्हणून तो अंश जात नाही हा तिचा सरळ अर्थ.

मानसशास्त्र स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं राहिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याच्या अमेरिकन जनकांपैकी विल्यम जेम्सने एडिंबराला दिलेली व्याख्यानं १९०२ मध्ये 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरियन्स' या नावाने छापली गेली. त्यात 'आजारी आत्म्या'वर बोलताना तो एका फ्रेंच माणसाचं पत्र वाचून दाखवतो. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत गेलेल्या त्या माणसाला अचानक एक चेहरा आठवतो: इस्पितळात पाहिलेला, हिरवट कातडीचा, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेला अपस्माराचा रुग्ण. आणि वाटतं, हा मीच आहे, होऊ शकतो. कित्येक महिने त्याला एकट्याने अंधारात जाववत नाही. देव हाच आपला आश्रय अशा अर्थाची शास्त्रवचनं धरून राहिलो नसतो तर खरंच वेड लागलं असतं, असं तो लिहितो. हा फ्रेंच माणूस म्हणजे जेम्स स्वतः, हे त्याने नंतर आपल्या फ्रेंच भाषांतरकाराला कबूल केलं. प्राध्यापकाला स्वतःचं दुखणं परक्या माणसाच्या नावावर मांडावं लागलं. पण ते मांडलं, आणि श्रद्धेचं खरंखोटं ठरवण्याआधी ती माणसाच्या आत काय करते हे पाहिलं पाहिजे, ही शिस्त त्याने घालून दिली.

फ्रॉइडचं नाव निघालं की वाटतं, इथे दार बंद झालं. धर्म म्हणजे बापाच्या आसऱ्याची बालिश ओढ, एक भ्रम, असं त्याने १९२७ मध्ये 'द फ्यूचर ऑफ अॅन इल्यूजन'मध्ये लिहिलं हे खरंच आहे. पण त्याच फ्रॉइडचा एक जवळचा मित्र होता ऑस्कर फिस्टर, झुरिकचा प्रॉटेस्टंट पाळक. त्यांचा पत्रव्यवहार १९०९ मध्ये सुरू झाला आणि फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत तीस वर्षं चालला. मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि धर्मविरोधीही नाही. दुखणाऱ्याच्या सेवेसाठी पाळक आणि सामान्य माणूस दोघांनाही वापरता येईल असं ते हत्यार आहे, हे सुरुवातीलाच फ्रॉइडने त्याला लिहून कळवलं होतं. फ्रॉइडच्या पुस्तकाला फिस्टरने १९२८ मध्ये खणखणीत उत्तर दिलं आणि ते छापून आलं फ्रॉइडच्याच 'इमागो' नियतकालिकात. फिस्टरने टीकेतलं खरं तेवढं उचललं: भीतीवर उभा असलेला, आईबापांच्या धाकाचा मुखवटा चढवलेला देव रोगच निर्माण करतो. पण येशूने सांगितलेली प्रीती नेमकी त्या भीतीतून सोडवते, हा त्याचा दावा होता. मैत्री शेवटपर्यंत टिकली. आजच्या आपल्या वादांकडे पाहताना मला त्या दोघांचा हेवा वाटतो.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो अँटन बॉयसन. अमेरिकेतला हा पाळक १९२० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तीव्र मनोविकाराने इस्पितळात दाखल झाला आणि सव्वा वर्ष तिथे राहिला. जगाचा अंत जवळ आलाय अशा भयंकर कल्पनांनी त्याला घेरलं होतं. बरा होत असताना त्याच्या लक्षात आलं की डॉक्टरांना त्याच्या शरीराची माहिती हवी होती, पण तो जे भोगत होता त्याचा अर्थ कोणी विचारला नाही; आणि चर्चमधल्या लोकांना हाडं मोडल्यावर काय करायचं ते कळत होतं, मन मोडल्यावर काय करायचं ते कळत नव्हतं. १९२४ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅपलिन झाला. पुढच्याच उन्हाळ्यात त्याने ईशज्ञानाचे चार विद्यार्थी तिथे आणले. दिवसभर वॉर्डात मदतनीस म्हणून राबायचं, रुग्णांशी बोलायचं, रात्री नोंदी लिहायच्या. ग्रंथ जसे ओळीओळीने वाचतो तशी ही जिवंत माणसं वाचा, असा त्याचा आग्रह. आज जगभर पाळकांना इस्पितळात जे प्रशिक्षण मिळतं, त्याची सुरुवात या वॉर्डात आहे. स्वतः बॉयसनला पुढे १९३० आणि १९३५ मध्ये पुन्हा झटके आले. तो पुन्हा बरा झाला, पुन्हा कामावर गेला. विश्वास असता तर आजार आलाच नसता, असं म्हणणाऱ्यांना मी बॉयसनचं चरित्र वाचायला सांगेन.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला अमेरिकेतला वाद मात्र थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यात आवाज जास्त आहे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत मानसशास्त्राचं पदव्युत्तर विद्यालय उघडलं. दोन्ही ज्ञानं एकत्र आणता येतील ही त्यामागची आशा. १९७० मध्ये जे अॅडम्सचं 'कॉम्पिटंट टू कौन्सेल' आलं आणि त्याने उलट टोक गाठलं: शरीराचा दोष सापडत नसेल तर तथाकथित मनोविकाराच्या मुळाशी पाप आहे, आणि त्यावर उपाय बायबलमधून बोध करणं हाच. अॅडम्सचं एक म्हणणं मला पटतं. माणूस आपल्या कृत्यांना जबाबदार आहे, आणि खरी अपराधभावना गोळीने विरघळवू नये. नवऱ्याने बायकोला मारलं असेल तर त्याला मनाचा निचरा करून देण्याआधी पश्चात्ताप करायला सांगितलं पाहिजे. पण प्रत्येक दुखण्याखाली पाप शोधायचं ठरवलं की इयोबाच्या तीन मित्रांच्या रांगेत जाऊन बसावं लागतं. त्या मित्रांना देवाने शेवटी काय सुनावलं, हे बायबल वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. कॅथलिक चर्चने हा प्रश्न जास्त शांतपणे हाताळला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं की पाळकीय सेवेत ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही वापर व्हावा.

आत्महत्येबाबतचा बदल तर डोळ्यांत भरणारा आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने मान्य केलं की तीव्र मानसिक व्यथेत माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असंच गृहीत धरलंय: उलट सिद्ध होईपर्यंत, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं. दफनभूमीच्या भिंतीबाहेर पोराला पुरून आलेल्या किती आयांना हा बदल उशिरा मिळाला असेल, या विचाराने मला आजही गलबलतं.

आता आकड्यांकडे. श्रद्धा मोजण्याचे प्रयोग पुष्कळ झाले, तीनच सांगतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला प्रयोग प्रिन्स्टनच्या सेमिनरीतला. डार्ली आणि बॅट्सन यांनी चाळीस विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषयच चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबणाऱ्याचा, दाखला होता. वाटेत गल्लीत एक माणूस मान टाकून, खोकत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले; उशीर झालाय म्हणून पळवलेल्यांतले फक्त १० टक्के. दाखला डोक्यात असण्याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. रविवारी सकाळी पाठोपाठ तीन उपासना चालवणाऱ्या पाळकांनी हा आकडा खिशात ठेवावा.

दुसरा, २००६ चा, बेन्सन आणि सहकाऱ्यांचा. हृदयाच्या बायपासचे १,८०२ रुग्ण, आणि अनोळखी गटांकडून त्यांच्यासाठी प्रार्थना. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थनेने काही फरक दिसला नाही. ज्यांना खात्रीने सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली. माहीत नसलेल्यांत ५२. मला हा प्रयोग पहिल्यापासून चुकलेला वाटतो. प्रार्थना हे औषध समजून त्याचा डोस ठरवला, आणि देवाला परीक्षेला बसवलं. असे प्रयोग बायबलमध्ये सैतानाने सुचवलेत, येशूने नाकारलेत.

तिसरा मात्र थेट वर्मावर बोट ठेवतो. केनेथ पारगमेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या ५९६ आजारी माणसांची दोन वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. तुम्ही धार्मिक आहात का, एवढ्यावर ते थांबले नाहीत. देवाने मला सोडलंय असं वाटतं का, त्याच्या प्रीतीबद्दल शंका येते का, हे दुखणं सैतानाने आणलंय असं वाटतं का, असे प्रश्न विचारले. ज्यांची उत्तरं होकारार्थी होती, त्यांचा मृत्यूचा धोका, आजाराची तीव्रता वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाला.

मला या लेखात जे म्हणायचंय ते इथे आहे. माणूस देव मानतो की नाही, हा प्रश्न दुखण्याच्या बाबतीत अपुरा आहे. तो कोणत्या देवाबरोबर राहतो, हे विचारायला हवं. हिशेबाची वही घेऊन बसलेल्या, रागावलेल्या देवाबरोबर राहणारा माणूस आधीच आजारी असेल तर आणखी खचतो. आणि ही गाठ डॉक्टरला सोडवता येत नाही. डॉक्टर झोपेची गोळी देईल, मेंदूतल्या रसायनांबद्दल समजावेल. पण देव तुझ्यावर रागावलेला नाही, हे सांगण्याचा अधिकार रुग्ण डॉक्टरला देत नाही. तो पाळकाला देतो, फादरना देतो, प्रार्थनेला आलेल्या मावशीला देतो. मानसशास्त्राने चर्चचं काम काढून घेतलं अशी तक्रार मी खूपदा ऐकतो. प्रत्यक्षात त्याने चर्चचं खास काम कोणतं, ते मोजून दाखवलंय.

महाराष्ट्राला या विषयात सांगण्यासारखं स्वतःचं आहे. जेम्सने धर्मांतराचा अभ्यास केला तो एकट्या माणसाच्या अंतरंगात घडणारी घटना म्हणून. नारायण वामन टिळकांची गोष्ट त्या साच्यात बसते: आगगाडीत भेटलेला गोरा सहप्रवासी, त्याने दिलेला नवा करार, मनातली उलथापालथ आणि १८९५ मधला बाप्तिस्मा. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त जे लिहिलं, ते जेम्सच्या कागदपत्रांत नाही. नवऱ्याच्या मनात उजेड पडला तेव्हा घरात काय झालं? ताटातूट, माहेरच्यांचं रडणं, सोवळ्याची सवय अंगातून निघायला लागलेली वर्षं, आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी घेतलेला निर्णय. आपल्याकडे मन एकट्याचं नसतं, कुटुंबाचं असतं, आणि ते कुटुंब हसत-रडत कसं बदलतं याचा इतका सच्चा दस्तऐवज मला दुसरा माहीत नाही. धर्माच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'स्मृतिचित्रे' जेम्सच्या शेजारी ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नंतर सापडला, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये मोठं उज्जीवन झालं. मुली तासन् तास रडत, मोठ्याने पापं कबूल करत, अंगात आग पेटल्यासारखं वाटतंय म्हणत. त्याला सामूहिक भावावेग म्हणून कोणी बाजूला सारेल. मला त्या मुली कोण होत्या हे आधी दिसतं. त्यांच्यात दुष्काळातून वाचलेल्या पोरी होत्या, लहानपणीच विधवा झालेल्या होत्या; ज्यांच्या दुःखाला तोवर कोणी कान दिला नव्हता. आणि हेही दिसतं की रमाबाईंनी आधी छप्पर आणि भाकरी दिली, मग विणकाम, शेती, छापखाना असे हातांना उद्योग दिले. अशा जागी फुटलेलं रडणं आणि तंबूतल्या एका रात्रीच्या सभेत काढलेलं रडणं, यांत फरक आहे. सकाळी उठून कामाला जायची जागा असली की रडणं माणसाला पोळत नाही, हलकं करतं.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचं असतं. बाहेरून साधी वाटणारी, पण मन कुटुंबाचं असतं हे ओळखणारी ही रीत मला लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाची आठवण करून देते.

आमच्या मंडळीतल्या त्या सुनेची गोष्ट अर्धी राहिली. तीन आठवड्यांनी आमचे पाळक, सत्तरीचे, स्वतः तिला आणि तिच्या सासूला घेऊन सरकारी इस्पितळात गेले. मी सोबत होतो. केस पेपर काढला, बाकावर बसलो. गर्दी खूप. पाळकांनी तिला हळूच विचारलं, "देव तुझ्यावर रागावलाय, असं वाटतं का ग तुला?"

ती बराच वेळ चुपचाप. मग म्हणाली, "बाळाला पाजताना मला प्रार्थना सुचत नाही, पाळकसाहेब. म्हणून त्याने झोप काढून घेतली."

सासूने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात नंबर पुकारला गेला. पाळक आधी उठले, तिची पिशवी हातात घेतली आणि म्हणाले, "चल. झोपेचं सगळं डॉक्टरबाईंना सांग, काही लपवू नको. देवाचं आपण बाहेर आल्यावर बोलू, मी इथेच बसलोय."